कोहेतूरच्या वरचा डोंगर

उर्दू शायरी आणि कव्वाली ऐकत मोठा झालेल्या मराठी मुसलमानाला कोहेतूर वेगळा सांगावा लागत नाही. मौलवीसाहेबांच्या बयानात तो येतो, मुशायऱ्यात येतो आणि सुरमादाणीतही असतो. आमची दादी सांगायची की, तूरवर अल्लाहची तजल्ली पडली, डोंगर जळून काळा झाला आणि त्याचाच सुरमा झाला. उरुसाच्या बाजारात सुरमेवाले अजून ‘कोहेतूर का सुरमा’ अशीच हाक देतात. सुरमा ही शिशाच्या किंवा अँटिमनीच्या खनिजाची पूड, सिनाईच्या डोंगराशी तिचे काही नाते नाही. तरीही कुठल्या तरी वाळवंटातला एक डोंगर आपल्या घरातल्या कोनाड्यापर्यंत येऊन बसला, ही गोष्ट मला नेहमी नवलाची वाटत आली आहे.

कुरआनात हजरत मूसांचे (अलै.) नाव इतर कोणत्याही प्रेषितापेक्षा जास्त वेळा येते. ५२व्या सूरहचे नावच ‘अत्-तूर’ आहे आणि ९५व्या सूरहमध्ये अंजीर व जैतूनपाठोपाठ तूर-ए-सीनीनची शपथ आहे. तजल्लीची हकिकत सातव्या सूरहमध्ये, म्हणजे अल-अअराफमध्ये येते. मूसांनी दर्शनाची इच्छा धरली, तजल्ली डोंगरावर झाली, डोंगराचा चुरा झाला आणि मूसा बेशुद्ध होऊन पडले. डोंगर जळाल्याचा उल्लेख तिथे नाही. ती भर शायरांनी आणि सुरमेवाल्यांनी घातली.

परंपरेने ज्याला तूर मानले जाते तो जबल मूसा इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पाच्या दक्षिणेला आहे. उंची २,२८५ मीटर. मूळ डोंगर हाच का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कुणी पश्चिमेकडच्या सरबाल डोंगराचे नाव घेतो, तर कुणी थेट सौदी अरेबियातल्या डोंगरावर बोट ठेवतो. हल्ली आपल्याकडूनही इजिप्त, जॉर्डन आणि बैतुल मुकद्दसच्या झियारतीच्या टूर निघतात. त्यातले लोक मध्यरात्री उठून जबल मूसा चढतात, सूर्योदय बघतात आणि नाश्त्याला खाली येतात. त्याच्याच शेजारी, नैर्ऋत्येला, २,६०० मीटरहून उंच असा जबल कातरीना उभा आहे. इजिप्तमधला हा सर्वांत उंच डोंगर. तिथे फारसे कुणी जात नाही. तूरकडे वरून बघता येईल अशी ती जागा, म्हणून मी नोव्हेंबरमध्ये एक अख्खा दिवस त्या डोंगरासाठी ठेवला.

पायथ्याचे अल-मिल्गा गावच दीड हजार मीटरच्या वर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईचा माथा (१,६४६ मीटर) जिथे संपतो, साधारण तिथून या डोंगराची चढण सुरू होते. वर हजारेक मीटर चढायचे आणि तेवढेच उतरायचे. सह्याद्रीत एवढी चढाई नवी नाही. फरक असा की इथे झाड नाही, सावली नाही, हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आधी वाळतो. सोबत स्थानिक बदू वाटाड्या घ्यावाच लागतो. माझा वाटाड्या पन्नाशीचा होता. पायात साधी चप्पल, खांद्यावर एक पिशवी, त्यात चहाची किटली आणि सुक्या लाकडाच्या चार काटक्या. मी त्याला ‘अम्मी’ म्हणत होतो. अरबीत त्याचा अर्थ ‘माझे काका’. आपल्याकडे त्याचा अर्थ आई होतो हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो पुढची अर्धी चढण हसत होता.

उजाडता उजाडता आम्ही वादी अल-अर्बईनमध्ये शिरलो. दोन्ही बाजूंना तांबड्या ग्रॅनाइटचे कडे आणि मध्ये दगडी कुंपणांच्या बागा. बदाम, जर्दाळू, डाळिंब, जैतून. वाळवंटात बागा कशा, हा पहिला प्रश्न. ग्रॅनाइट पाणी पीत नाही, पण त्याच्या भेगांतून हिवाळ्यातला पाऊस आणि बर्फाचे पाणी झिरपत खाली येते आणि काळ्या दगडाची भिंत आडवी आली की तिथेच साठते. बदू नेमकी ती जागा हेरून विहीर खणतात आणि तिच्याभोवती बाग लावतात. जंगली खोडावर चांगल्या जातीचे कलम बांधायची त्यांची जुनी विद्या आहे.

या खोऱ्यातच हजर मूसा, म्हणजे मूसांचा दगड आहे. पुरुषभर उंचीचा सुटा खडक, त्यावर ओळीने आडव्या खाचा. लाठी मारताच बारा झरे फुटल्याची हकिकत आपण सूरह बकराच्या तिलावतीत ऐकतो, तो खडक हाच असे बदू मानतात. ज्यू परंपरेतही ती हकिकत आहे, ख्रिस्ती यात्रेकरूही शतकानुशतके इथे थांबत आले आहेत. दगडाला लागूनच एक छोटे चॅपेल आहे. अम्मींनी जाता जाता दगडावर हात फिरवला आणि तोच हात छातीला लावला. आमच्याकडच्या एखाद्या सुधारक मौलानांनी तिथेच त्यांची शाळा घेतली असती.

पुढे दैर अल-अर्बईन, म्हणजे चाळीस शहिदांचा मठ. ‘अर्बईन’ हा शब्द आपल्याला इमाम हुसैन यांच्या चाळिसाव्यामुळे माहीत आहे, इथे तो चाळीस ख्रिस्ती शहिदांसाठी आहे. मठात आता कुणी साधू राहत नाही. जैतुनाची जुनी बाग एक जबालिया कुटुंब सांभाळते. या जबालियांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण या डोंगराचा इतिहास राजांपेक्षा त्यांच्यामुळे टिकला आहे, असे माझे मत आहे.

सहाव्या शतकात बायझंटाईन सम्राट जस्टिनियनने जबल मूसाच्या पायथ्याला तटबंदीचा मठ बांधला, तोच आजचा सेंट कॅथरिनचा मठ. मठाची चाकरी आणि राखण करायला त्याने माणसे पाठवली. दहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा बिशप सईद इब्न बित्रीक लिहितो की, शंभर कुटुंबे रूममधून आणि शंभर इजिप्तमधून आणली होती. त्याच्याच म्हणण्यानुसार उमय्या खलीफा अब्दुल मलिक बिन मरवान यांच्या काळात, म्हणजे सातव्या शतकाच्या अखेरीस, ही माणसे मुसलमान झाली. त्यांचेच वंशज ते जबालिया, शब्दशः ‘डोंगरवाले’. दक्षिण सिनाईतल्या बदू टोळ्यांना एकत्रितपणे तवारा म्हणतात, म्हणजे तूरचे लोक. धर्म बदलला, भाषा बदलली, पण मठाची चाकरी सुटली नाही. तेराशे वर्षे एक मुस्लिम जमात एका ख्रिस्ती मठाची राखण करते आहे. आपल्या ओळखीच्या कुठल्याही ‘संघर्षाच्या’ इतिहासात ही गोष्ट बसत नाही. त्यामुळे ती सांगितलीही जात नाही.

हे नाते गोड-गोड होते असे मात्र कुणी समजू नये. बुर्खार्ट नावाचा स्विस प्रवासी ‘शेख इब्राहिम’ या नावाने १८१६ मध्ये या डोंगरांत हिंडला. त्याच्या काळी मठाचे दार चिणून बंद केलेले असे. पाहुण्याला उंच खिडकीतून दोर सोडून वर ओढून घेत आणि बाहेर जमलेल्या बदूंसाठी भाकरी त्याच वाटेने खाली येई. त्या भाकरीवरून कुरबुरी, भांडणे होत. किती भाकरी, कुणाला, यात्रेकरू नेण्याचा हक्क कोणत्या टोळीचा, उंटाचे भाडे किती, सगळे ठरलेले होते आणि सगळ्यावर वाद होता. गावगाड्यातली बलुतेदारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. एकमेकांवर प्रेम होते म्हणून नव्हे, तर एकमेकांवाचून चालत नव्हते म्हणून ही व्यवस्था टिकली.

मठानंतर खरी चढण लागते. ‘शक्क मूसा’ नावाच्या अरुंद घळीतून दगडांवरून उड्या मारत वर जायचे. दोन तासांनी बीर शुन्नार, म्हणजे तितराची विहीर. अलेक्झांड्रियाची शहीद कुमारी कॅथरिन हिचे शरीर फरिश्त्यांनी या डोंगराच्या माथ्यावर आणून ठेवले अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. ते खाली आणणारे साधू तहानेने व्याकूळ झाले तेव्हा तितराने त्यांना हा झरा दाखवला म्हणे. पाणी अजून आहे. अम्मींनी तिथे चहा केला. माझ्या मांड्या तोवर थरथरायला लागल्या होत्या आणि माथा अजून दोन तास दूर होता.

इथून वर दगडाचा रंग बदलतो. तांबडा ग्रॅनाइट संपून काळपट, ज्वालामुखीतून आलेला दगड सुरू होतो. ‘जळालेला डोंगर’ ही कल्पना सुचायला हे दृश्य पुरेसे आहे. काही दगड फोडले की आत झुडपासारखी काळी नक्षी दिसते. ती मँगनीजची असते, पण मध्ययुगातले यात्रेकरू मूसांनी पाहिलेल्या जळत्या झुडपाची खूण म्हणून असे दगड घरी नेत. आपल्याकडे बांद्याच्या शजरी अकीकात हीच नक्षी असते.

माथ्यावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. कुलूपबंद चॅपेल, एक दगडी खोली आणि अंगावर येणारा वारा. पश्चिमेला सुएझच्या आखाताची चकाकी, पूर्वेला अकाबाच्या आखातापलीकडे सौदी अरेबियाचे डोंगर. आणि खाली, बराच खाली, जबल मूसा. आयुष्यभर ज्याचे नाव मान वर करून ऐकले तो तूर इथून शेजारच्या शंभर सुळक्यांपैकी एक दिसतो. ओळखायला अम्मींना बोट दाखवावे लागले. आम्ही जुहर तिथेच पढलो. आपला किबला पश्चिमेला, तिथला आग्नेयेला. दिशा अम्मींनी सावली बघून धरली.

पश्चिमेच्या आखाताला लागून अल-तूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंसाठी तिथे क्वारंटाईनचा तळ होता. १९०५ मध्ये त्या तळावर मरण पावलेल्या हाजींच्या आतड्यांतून पटकीचा एक वेगळा जंतू सापडला आणि त्याला गावाचेच नाव मिळाले, ‘एल टोर’. पुढे १९६१ साली इंडोनेशियातून निघालेली पटकीची जागतिक साथ याच जंतूची होती आणि १९६४ मध्ये ती भारतात पोचली. वैद्यकाच्या पुस्तकात ‘एल टोर’ वाचणाऱ्या आपल्या किती मुलांना हा शब्द आणि दादीचा कोहेतूर एकच आहे हे माहीत असेल!

वायव्येच्या एका डोंगरावर अर्धवट भिंतींचा चौकोन दिसतो. इजिप्तचा वाली अब्बास पाशा याचा तो अपुरा महाल, १८५४ मध्ये पाशा गेला आणि काम थांबले. जागा निवडताना त्याने वेगवेगळ्या डोंगरांवर मांस टांगून ते कुठे उशिरा सडते ते पाहिले अशी दंतकथा आहे. हीच गोष्ट बगदादच्या इस्पितळाच्या संदर्भात हकीम राझीबद्दलही सांगतात, त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नये.

मठ माथ्यावरून दिसत नाही, पण डोक्यात तोच होता. आदल्या दिवशी तो पाहून झाला होता. त्याच्या तटाच्या आत, चर्चच्या घंटाघरासमोर, एक मशीद आहे. तिच्यातला लाकडी मिंबर हिजरी ५०० चा, म्हणजे इसवी सन ११०६ चा. फातिमी खलीफा अल-आमिर आणि त्याचा वजीर अल-अफदल यांचा काळ. हे साल नीट पाहा. सात वर्षांपूर्वी, १०९९ मध्ये, क्रुसेडरांनी जेरुसलेम घेऊन तिथल्या मुसलमान-ज्यूंची कत्तल केली होती. त्याच अल-अफदलचा अस्कलानजवळ त्यांनी पराभव केला होता. सूड उगवायला सिनाईतला हा एकाकी ख्रिस्ती मठ हाताशी होता. त्याऐवजी आतल्या एका जुन्या इमारतीत मशिदीसाठी मिंबर आला आणि चर्च जिथल्या तिथे राहिले.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. आठव्या-नवव्या शतकांत बायझंटाईन सम्राटांनीच चित्रे आणि मूर्तींविरुद्ध मोहीम काढली आणि आपल्या राज्यातली असंख्य धार्मिक चित्रे नष्ट केली. सिनाई तोवर मुस्लिम सत्तेखाली होता, सम्राटाचा हुकूम इथे चालत नव्हता. म्हणून सहाव्या शतकातली येशूची चित्रे आज जगात जी थोडी उरली आहेत, त्यातली सर्वांत महत्त्वाची या मठात आहेत. चित्रांना मनाई करणाऱ्या धर्माच्या राज्यात ती वाचली. मठाच्या ग्रंथालयात अरबी हस्तलिखितांचाही मोठा साठा आहे. ८६७ मध्ये दमास्कसला केलेला बायबलच्या एका भागाचा अरबी अनुवाद त्यात आहे. त्यातल्या ईश्वरासाठीचा शब्द ‘अल्लाह’ हाच.

आता अहदनाम्याविषयी. रबीउल अव्वल आला की आपल्या व्हॉट्सअॅप गटांत एक चित्र हमखास फिरते: प्रेषित मुहंमद (स.) यांनी सिनाईच्या साधूंना दिलेला अभयाचा कागद, खाली पंजाचा ठसा. आशय असा की ख्रिस्ती साधूंना त्रास देऊ नये, त्यांची प्रार्थनास्थळे पाडू नयेत, त्यांच्यावर कर लादू नये. मूळ प्रत १५१७ मध्ये सुलतान सलीमने इस्तंबूलला नेली आणि मठाला नक्कल दिली, असे मठाची परंपरा सांगते. कागदावर हिजरी २ हे साल आहे. अडचण तिथेच सुरू होते. साक्षीदारांत हजरत अबू हुरैरा यांचे नाव आहे आणि ते तर मदिनेत आले हिजरी ७ मध्ये. बहुतेक इतिहासकार या प्रतीला अस्सल मानत नाहीत.

हे सांगितले की आपले लोक नाराज होतात. मला त्यात नाराज होण्यासारखे काही दिसत नाही. मठाने जपलेली फातिमी, अय्युबी, मामलूक आणि उस्मानी फर्माने अस्सल आहेत, अभ्यासली गेली आहेत, छापलीही गेली आहेत. त्यांत साधूंच्या मालमत्तेला संरक्षण आहे, करात सवलत आहे, अंमलदारांना आणि टोळ्यांना तंबी आहे. अहदनामा साधूंनी रचला असेल, तर तो त्यांनी मुस्लिम राज्यकर्त्यांना दाखवण्यासाठी रचला आणि राज्यकर्त्यांनी तो शतकानुशतके मानला. हेच फर्मान पुन्हा पुन्हा काढावे लागले, याचा अर्थ ते पुन्हा पुन्हा मोडलेही जात होते. दख्खनच्या सनदा वाचणाऱ्याला हा प्रकार परका नाही. नवा अंमल आला की चिंचवडच्या देवस्थानापासून गावच्या पीरापर्यंत सगळे जुने कागद घेऊन नव्या दरबारी हजर होत. आपण एका ठशाच्या चित्रावर समाधान मानतो आणि या कागदांकडे पाहतही नाही. इस्लाम सहिष्णु आहे असे म्हणून काही सिद्ध होत नसते. अमुक साली, अमुक वजिराने, अमुक मठाला काय दिले आणि ते कुणी मोडले, हे सांगता आले पाहिजे.

उतरताना गुडघ्यांनी दाद मागितली. मठाच्या बागेपाशी दिवस मावळला, पुढचा तास बॅटरीच्या उजेडात. गावाजवळ आलो तसे डोंगराच्या काळोखात भलतेच दिवे दिसू लागले: नवी हॉटेले, नवे रस्ते. इजिप्त सरकारच्या या प्रकल्पाचे नाव ‘अत-तजल्ली अल-आझम’. शब्द अचूक निवडला आहे. अरबी ख्रिस्ती लोक येशूच्या रूपांतराच्या सणाला ‘ईद अत-तजल्ली’ म्हणतात आणि मठाचे मूळ चर्च त्याच प्रसंगाला वाहिलेले आहे. मूसांसाठी डोंगरावर झाली तीही तजल्लीच. त्या नावाखाली २०२१ पासून इथे हॉटेले, बंगले, बाजार आणि अभ्यागत केंद्र उभे राहत आहे. हा परिसर २००२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि २०२३ मध्ये युनेस्कोने काम थांबवून परिणाम तपासायला सांगितले होते.

मे २०२५ मध्ये इजिप्तच्या न्यायालयाने निकाल दिला की जमीन सरकारची आहे, मठाला फक्त वापराचा हक्क. ग्रीसमध्ये त्यावर मोठी ओरड झाली, ऑर्थोडॉक्स चर्चने निषेध केला, दोन्ही सरकारांच्या बैठका झाल्या. ती ओरड योग्यच होती. पण मठामागे ग्रीस आहे, जबालियांमागे कुणी नाही. २०२२ मध्ये अल-मिल्गाचे जुने कब्रस्तान वाहनतळासाठी हटवले गेले आणि लोकांना आपल्या माणसांच्या कबरी उकरून अस्थी दुसरीकडे न्याव्या लागल्या. गावातली घरे आणि पाहुण्यांसाठीच्या त्यांच्या साध्या राहुट्याही गेल्या. मुस्लिम देशांतून, मुस्लिम संघटनांकडून त्यावर एखादा ठराव आल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. उर्दू वर्तमानपत्रांत शोधले, तिथेही काही सापडले नाही.

वाहनतळाच्या कडेने जाताना अम्मी थांबले, हात उचलून त्यांनी फातिहा पढली. मीही पढली. मग ते म्हणाले की त्यांच्या आजोबांना नव्या जागी नेले तेव्हा कबरीत कफन उरले नव्हते, आणि चुलत आजोबांची कबर तर कुणाला ओळखताच आली नाही.